तेरा कुणाचाच नाही

१

विजयश्रीबाईंना पहिली किळस आली ती रक्ताची नव्हे, पोह्यांची.

भोसरीतल्या त्या प्रेस शॉपमध्ये चार नंबरच्या प्रेससमोर त्या उभ्या होत्या. परवा, सोमवारी सकाळी दहाला, याच प्रेसमध्ये नवनाथ नावाच्या कंत्राटी ऑपरेटरच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. जमिनीवर लाकडाचा भुसा टाकला होता. भुशाच्या कडेनं काळपट डाग अजून दिसत होता, आणि त्या डागापासून दोन हातांवर उभा राहून प्रॉडक्शन मॅनेजर रणजीत पोहे खात होता. लिंबू पिळून.

“अपघात वाईटच हो,” तो म्हणाला, “पण सेटरनंच जाळी काढून ठेवली तर आम्ही काय करणार? घ्या ना पोहे, मॅडम.”

जाळी म्हणजे डायच्या, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, तोंडाशी चार बोल्टांनी बसवलेलं लोखंडी कुंपण. ते असलं की हात आत जात नाही, माल चिमट्यानंच काढावा लागतो. नसलं की हातानं भराभर काढता येतो, मिनिटाला पाच नग जास्त. आणि एखाद्या सोमवारी मालाबरोबर बोटंही निघतात.

विजयश्रीबाई आयटीआयमध्ये एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. राहायला निगडी प्राधिकरणात. या पट्ट्यातल्या निम्म्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय घडवायच्या-दुरुस्त करायच्या खात्यांत, त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्यांच्या पट्टीचा मार खाल्लेला होता. प्रीतम हा सेटर, म्हणजे प्रेसवर डाय बसवणारा, त्यांपैकीच. खात्याच्या चौकशीत आरोपीला एक मदतनीस आणता येतो. प्रीतमनं ना वकील आणला ना युनियनवाला, गणिताच्या बाईंचं नाव लिहून दिलं. काल फोनवर तो एवढंच बोलला होता, “मॅडम, त्या डायला मी हात लावलेला नाही. उलट जाळीसाठी मीच दोनदा लाइन थांबवली होती. ते म्हणतात बिल्ल्यात माझा आकडा निघालाय. तुम्ही या.” आज सकाळपासून त्याला गेटवरच्या सुरक्षा खोलीत बसवून मोबाइल काढून घेतला होता. चौकशीआधी भेटायचं नाही, असा हुकूम होता.

“साडेपाचला चौकशी,” रणजीत म्हणाला. “कबुलीवर सही केली तर राजीनामा घेऊन सोडू. नाहीतर पोलीस. त्याची मुलगी लहान आहे, म्हणून मी एवढं सांभाळून घेतोय.”

सांभाळून घेतोय हे तो पोहे चावत म्हणाला.

आता हा बिल्ला काय ते सांगायला हवं. त्या टूलरूमची एक जुनी रीत होती. बबनराव नावाच्या फोरमननं ती घातली होती. टूलरूममधल्या प्रत्येक माणसाला एक आकडा, आणि तो मूळ संख्याच, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही अशी. प्रत्येक डायला एक पितळी बिल्ला. डायला ज्यानं हात लावला, मग तो स्प्रिंग बदलो की बोल्ट, त्यानं बिल्ल्यावरच्या संख्येला आपल्या आकड्यानं गुणायचं आणि गुणाकार नव्या बिल्ल्यावर ठोकायचा. सातवाल्यानं आणि अकरावाल्यानं काम केलं तर सत्त्याहत्तर. सत्त्याहत्तरचे मूळ अवयव सात आणि अकराच, तिसरा कुणी त्यात घुसू शकत नाही. कागदाला तेल लागतं, रजिस्टरची पानं फाटतात, नावावर काट मारता येते. गुणाकारातून माणूस खोडता येत नाही.

चार नंबरच्या डायवर बिल्ला होता: १९५६५४४९८१३. बाईंनी पर्समधल्या वहीत उतरवून घेतला.

“एकोणीस अब्ज छप्पन्न कोटी,” रणजीत कौतुकानं म्हणाला. “पण भागाकार एका सेकंदात होतो. प्रीतमचा आकडा घातला, बाकी शून्य. हे बघा.” त्यानं मोबाइल पुढे केला. पोह्यांच्या तेलाचा अंगठा पडद्यावर आडवा होता. अंगठ्याच्या कडेनं भागाकाराचा शेवटचा आकडा तेवढा दिसला, तीन.

बाईंनी वहीत त्या मोठ्या संख्येखाली एक तीन लिहून ठेवला. का, ते त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं. वर्गात चोरून उत्तर दाखवणाऱ्या पोराकडे बघायची ती सवय होती.

२

हॉस्पिटलला त्यांना धनेशनं नेलं. धनेश कंपनीचा सेफ्टी ऑफिसर, वर्षभरापूर्वी लागलेला, वाकडला भाड्यानं राहणारा, वाकडा शब्द न बोलणारा. गाडीत त्यानं एसीचा जोर दोनदा कमीजास्त केला.

“जाळी आहे की नाही हे बघायचं काम तुमचंच ना?” बाईंनी विचारलं.

“हो मॅडम. रोज चेकशीट असते.”

“शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवारची दाखवा.”

त्यानं सिग्नलला मोबाइलवर काढून दाखवली. चाळीस प्रेस, चाळीस बरोबरच्या खुणा, चारही दिवस. चार नंबरपुढेसुद्धा.

“तुम्ही पाहिलं होतं?”

“मॅडम, चाळीस प्रेस आहेत,” धनेश म्हणाला. “साहेब म्हणतात शीट नऊच्या आत पाहिजे. मग मी चहा घेता घेता भरतो.”

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. चोरापेक्षा त्यांना हा प्रकार जास्त ओंगळ वाटायचा. चोर निदान रात्रीचा जागतो तरी.

नवनाथ परळीकडचा, तिशीतला. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या गुंडाळीत, त्यातून अंगठा तेवढा बाहेर आलेला. औषधाच्या गुंगीत होता. बाईंनी नाव सांगितलं तशी त्यानं उठायचा प्रयत्न केला.

“पडून राहा बाळा. जाळी नव्हती, तर चालवलंस कशाला?”

“मी इचारलं व्हतं की बाई. शुक्रवारी सकाळी आलो, बघतो तर जाळी न्हाई. साहेब म्हणले, प्रीतमनं दुरुस्तीला नेलीय, तंवर हातानं चालू दे. नग कमी पडले तर कंत्राटदाराला दुसरा माणूस मागवतो म्हणले.”

“कोणते साहेब?”

“साहेब...” त्याचे डोळे मिटत चालले होते. “आपले साहेब.”

नर्सनं बाईंना बाहेर काढलं. दारात धनेश उभा होता. त्यानं ऐकलं होतं. कंत्राटी माणसाला कंपनीत सगळेच साहेब. रणजीत साहेब, आणि हा चहा घेता घेता खुणा करणारा, हाही साहेबच.

३

टूलरूमच्या भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटवर खडूनं लिहिलेली यादी होती. मोठं, वळणदार अक्षर. दोनपासून सुरुवात, पुढे पाच, मग “बबनराव ७”, मग अकरा, आणि तसंच खाली खाली थेट एकोणनव्वदपर्यंत. सगळ्यात शेवटी “प्रीतम ९७”. त्या सत्त्याण्णवच्या मागं काहीतरी पुसल्याचा पांढुरका डाग होता.

यादीत दोन जागा मोकळ्या होत्या. तीन नव्हता आणि तेरा नव्हता.

कोपऱ्यात देवीचा आणि दत्ताचा फोटो, त्याखाली दुधाच्या पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा. सफाईवाली छबूबाई झाडू मारत होती. बाईंनी डब्याचं झाकण उचललं तसा झाडू थांबला.

“ते हलवू नका बाई. दसऱ्याचं हाय.”

डब्यात जुने बिल्ले होते, पन्नाससाठ तरी. नवा बिल्ला ठोकला की जुना या डब्यात टाकायचा, आणि खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याची पूजा करून मगच वितळवायचा, अशी इथली चाल. सगळ्यात वरच्या एका बिल्ल्याला हळदकुंकू लागलेलं होतं.

“पूजेला अजून अवकाश आहे. याला एकट्यालाच कुंकू का?”

“कचऱ्यात पडला हुता त्यो. म्हून धुतला आन कुंकू लावलं,” असं म्हणून छबूबाईनं झाकण बंद केलं. “ह्या लोकांना देवाधर्माची चाड न्हाई. बबनराव कसं, रिटायर झालं तरी दर गुरवारी येत्यात, दत्ताला हार घालाया.”

“गुरुवारी तर कंपनीला सुट्टी असते.”

“म्हून तर येत्यात. शांतता असती.”

बाई स्टुलावर बसल्या आणि वही काढली. मोठ्या संख्येला हात घालायची त्यांची एक आवडती युक्ती होती. उजवीकडून तीन तीन आकड्यांचे गट पाडायचे: ८१३, ४४९, ५६५ आणि उरलेले १९. एकाआड एक गट मिळवायचे. आठशे तेरा आणि पाचशे पासष्ट, तेराशे अठ्ठ्याहत्तर. चारशे एकोणपन्नास आणि एकोणीस, चारशे अडुसष्ट. वजाबाकी, नऊशे दहा. या वजाबाकीला सात, अकरा किंवा तेरानं भाग गेला, तर त्या अगडबंब संख्येलाही त्यानं भाग जातो. कारण सात, अकरा आणि तेराचा गुणाकार एक हजार एक. पोरांना ही जादू वाटायची.

नऊशे दहाला अकरानं भाग जात नाही. सातनं जातो. आणि तेरानं जातो.

बाईंनी दोन्ही बाहेर काढले. उरलं २१५००४९४३. तिथून पुढे भिंतीवरचा एकेक आकडा घालून बघत गेल्या. तेवीस निघाला. एक्केचाळीस दोनदा निघाला. सदुसष्ट आणि त्र्याऐंशी निघाले, आणि संख्या संपली. त्या चारही आकड्यांची माणसं समोरच कामाला होती. त्यांनी न अडखळता सांगितलं. एकानं डायला धार लावली होती, एकानं दोनदा स्प्रिंग बदलली होती, एकानं पिन, एकानं प्लेट. रजिस्टरशी सगळं जुळत होतं.

सत्त्याण्णव कुठेच नव्हता. प्रीतम खरं बोलत होता.

पण मग सात? तेराला तर मालकच नव्हता, सातला होता. आणि तो सातवाला सुट्टीच्या दिवशी एकटा टूलरूममध्ये येत होता.

“बबनरावांचं आणि प्रीतमचं कसं होतं?” बाईंनी धार लावणाऱ्या कारागिराला विचारलं.

तो हातातलं काम बघत म्हणाला, “सहा महिने बोलत नव्हते मॅडम. आकड्यावरनंच काहीतरी झालं होतं. तेव्हा मी दुसऱ्या पाळीत होतो.”

बाईंनी वही मिटली. एका म्हाताऱ्यानं, ज्यानं ही इतकी देखणी रीत काढली, त्यानंच ती एका पोराच्या गळ्यात अडकवली असेल तर मग जगात काही धड उरलं नाही, असं त्यांना वाटलं. घड्याळात अडीच वाजले होते.

४

बबनराव मोशीचे, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. आता शेताच्या जागी तीन इमारती होत्या आणि त्यांपैकी एकीच्या तळमजल्यावर ते राहत. बाईंनी वही समोर ठेवली तसा त्यांनी चष्मा लावला.

“सात निघाला व्हय? माजा?” त्यांनी संख्येवर बोट फिरवलं. “मार्चात घरी बसलो मी. हा डाय तर जूनमधी नवा आलाय. त्येच्यावर सात कसा यील? आन दुसरा कोन म्हनला?”

“तेरा.”

बबनराव ताठ बसले. “तेरा कुनाचाच न्हाई.”

“तेच विचारायला आले. यादीत तीनही नाही.”

“तीन आन तेरा म्या मुद्दामच सोडलं. कामाचं तीनतेरा वाजाया नकोत. लोक हसायचे, हसू द्या. दोघं सोडून एकोननव्वदपत्तुर बावीस आकडं झालं, बावीस मान्सं झाली. मग तेविसावा ह्यो प्रीतम आला.” ते थांबले आणि त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. “आता तुमाला काय सांगायचं. एकोननव्वदच्या फुडं मूळ संख्या कंची, म्हून म्या डोस्कं खाजवलं. नव्वद न्हाई. एक्क्यान्नव. बघाया गेलं तर दोननं जात न्हाई, तीननं न्हाई, पाचनं न्हाई. दिला त्याला एक्क्यान्नव.”

बाईंची पेन्सिल वहीवर थबकली.

“सा म्हैने त्यो त्या आकड्यावर हुता,” बबनराव म्हणाले. “मग येक दिस समद्यांच्या म्होरं म्हनतो कसा, काका, एक्क्यान्नव मूळ न्हाई. तेरा सत्ते एक्क्यान्नव. मला लई झोंबलं. मी फोरमन, आन कालचं पोर मला पाढं शिकवतंय. बोललोच न्हाई त्याच्याशी. पर खरं त्ये खरं. शेवटी म्याच भितीवरलं पुसलं आन सत्त्यान्नव लिवलं. तीन वर्सं झाली.”

“टूलरूममध्ये सगळ्यांना ठाऊक?”

“समद्यांना. दोन म्हैने चिडवत हुते मला.”

“आणि ऑफिसात?”

“हाफिसात कोन इचारतो आमाला? गिऱ्हाइकाचा ऑडिट आला हुता तवा रनजीतसायबांनी भितीचा फोटू काढून नेला हुता, मोबाइलवर. त्ये एक्क्यान्नव असतानाचं. मागनं बदललं त्ये कोन सांगाया जातंय.”

“त्या वेळी धनेश होता?”

“त्यो सेफ्टीवाला? त्यो तर आत्ता आला की.”

बाई उठल्या. चपला घालताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “गेल्या गुरुवारी गेला होतात दत्ताला?”

“गेलतो. पर लौकर फिरलो. रनजीतसायबाची गाडी उभी हुती आन टूलरूममधनं ठोकल्याचा आवाज येत हुता. सुट्टीच्या दिशी साहेब सोता हातोडी धरतोय म्हनलं, आपन कशाला मधी जा.”

“माझ्याबरोबर चला,” बाई म्हणाल्या. “टोपी घ्या.”

५

साडेपाचला मीटिंग रूममध्ये टेबलाच्या टोकाला निरंजन वकील बसले होते. कंपनीनं नेमलेले चौकशी अधिकारी. कबुलीजबाब आधीच टाइप करून आणलेला होता, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली होती. प्रीतम भिंतीशी उभा होता. सुकलेलं तोंड, सकाळपासून पाणीही कुणी विचारलेलं नसावं. धनेश खाली बघत बसला होता. रणजीतच्या समोर बिस्किटांची बशी होती.

“आटपून घेऊ,” निरंजन वकील म्हणाले. “बिल्ल्यात प्रीतमचा आकडा आहे. गणित खोटं बोलत नाही.”

“अगदी बरोबर बोललात,” विजयश्रीबाई म्हणाल्या. “प्रीतम, तुझा आकडा काय?”

“सत्त्याण्णव, मॅडम.”

“वकीलसाहेब, तुमच्या मोबाइलवर भागा.”

निरंजननं भागलं. दशांश चिन्हापुढे आकड्यांची रांग लागली. त्यांनी पुन्हा भागलं. पुन्हा तेच.

“काहीतरी चूक आहे,” रणजीत म्हणाला. “मी स्वतः भागलंय. बाकी शून्य.”

“आली असणार. तुम्ही सत्त्याण्णवनं भागलंच नाहीत. सकाळी तुमच्या अंगठ्याखालून भागाकाराचा शेवटचा आकडा मी पाहिला. तीन होता. बिल्ल्याचा शेवटचा आकडाही तीन. तीनला कशानं गुणलं की शेवटी तीन येतो? एकनं. म्हणजे तुमचा भाजक एकावर संपणारा होता. सत्त्याण्णव असता तर तीन सत्ते एकवीस, शेवट एकचा आला असता.”

रणजीतनं बिस्किट बशीत ठेवलं. “असेल. माझ्याकडे जुनी यादी असेल. एक्क्याण्णव. त्यानं काय होतं?”

“त्यानं गुन्हा होत नाही. जुनी यादी असणं हा गाढवपणा झाला. पण मग बिल्ल्याला एक्क्याण्णवनं भाग जातो कसा?” बाईंचा आवाज चढला नव्हता, वर्गात चढायच्या आधी तो असाच असायचा. “एक्क्याण्णव म्हणजे सात आणि तेरा. सात बबनरावांचा, ते हा डाय यायच्या आधीच घरी बसले. तेरा या टूलरूममध्ये कुणाला कधी दिलाच नाही. टूलरूममधल्या कुणीही इमानानं गुणत गेलं तर तेरा या संख्येत येऊच शकत नाही. आणि टूलरूममधल्या कुणाला बेइमानीनं प्रीतमला अडकवायचं असतं, तर त्यानं सत्त्याण्णवनं गुणलं असतं. एक्क्याण्णव डोक्यात असणारा माणूस या कंपनीत एकच आहे. तुम्ही तेराचा पाढा पाठ केला असता, रणजीत, तर कदाचित सुटला असतात.”

“हा नुसता तर्क झाला,” रणजीत निरंजनकडे वळून म्हणाला. “कागदावरचा खेळ. पुरावा काय?”

“पुरावा मी अजून वाचून पाहिलेला नाही,” बाई म्हणाल्या, “पण त्याच्यावर काय लिहिलंय ते सांगते.” त्यांनी वहीचं एक पान फाडलं, दुमडलं आणि निरंजनच्या हातात दिलं. “खोटा बिल्ला बनवायच्या आधी डायवर खरा बिल्ला होता. त्याची संख्या या कागदावर आहे. आता छबूबाईंना बोलवा. डबा घेऊन.”

छबूबाई आली. डबा पोटाशी धरला होता. बबनराव तिच्या मागोमाग आत आले आणि दाराशी टोपी काढून उभे राहिले.

“छबूबाई, तो कुंकवाचा बिल्ला तुम्हाला कुठल्या कचऱ्यात सापडला?”

“ह्या सायबांच्या केबिनीतल्या डब्यात,” तिनं हनुवटीनं रणजीतकडे दाखवलं. “म्या बुधवारी सांजच्याला केबिन झाडून डबा मोकळा केला हुता. गुरवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी येतीया तर डब्यात ह्यो बिल्ला आन हात पुसल्यालं तेलकट कागूद. पूजेची वस्त हाय, खरकट्यात टाकत्यात का? म्हून धुतला, कुंकू लावलं आन जाग्यावर ठिवला.”

निरंजननं झाकण उघडलं. कुंकू लागलेला बिल्ला एकच होता. त्यांनी तो उजेडात धरला आणि एकेक आकडा वाचला.

“दोन, एक, पाच, शून्य, शून्य, चार, नऊ, चार, तीन.”

मग त्यांनी दुमडलेला कागद उघडला. २१५००४९४३. वकिलांनी स्वतःच मोबाइल काढला, त्या संख्येला एक्क्याण्णवनं गुणलं आणि डायवरच्या बिल्ल्याच्या फोटोशेजारी मोबाइल ठेवला. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं होतं.

“प्रॉडक्शनचं प्रेशर असतं मॅडम,” रणजीत अखेर म्हणाला. आवाज आता पोहे देतानाच्या इतकाच गोड होता. “वरून रोज फोन. जाळी काढली, मान्य. बिल्ला नुसता फॉर्मॅलिटी म्हणून ठोकला, नाहीतर टूलरूमवाले विचारत बसतात. त्या पोराचा हात जावा असं कुणाला वाटतं का? अपघात झाला.”

“वार मोजा,” विजयश्रीबाई म्हणाल्या.

त्याला कळलं नाही. धनेशला कळलं. त्यानं मान वर केली.

“अपघात सोमवारी झाला. बिल्ला शुक्रवारी सकाळी तुमच्या कचऱ्यात होता. शुक्रवारीच तुम्ही नवनाथला सांगितलंत, जाळी प्रीतमनं नेली. अपघातानंतर घाबरून कुणी दुसऱ्याचं नाव पुढे करतो, ते मी समजू शकते, माणूस भेकड असतो. तुम्ही गुरुवारी निवांत बसून नाव ठोकलंत. कुणाचा तरी हात जाणार हे तुम्ही धरून चालला होतात. कुणाचा ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं तुम्हाला फरकही पडत नव्हता. प्रीतमनं जाळीसाठी दोनदा लाइन थांबवली होती, म्हणून दोष त्याचा ठरवून ठेवलात. हात जायच्या चार दिवस आधी. मला तुमच्या शेजारी बसायची किळस येते.”

असं म्हणून त्या खरोखरच उठल्या आणि खुर्ची सरकवून पलीकडे जाऊन बसल्या.

निरंजन वकिलांनी कबुलीजबाबाचे तीन तुकडे केले. त्यांनाही आपल्या हातांची घाण वाटली असावी, कारण नंतर त्यांनी ते रुमालाला पुसले. पोलिसांना फोन त्यांनीच केला. या वेळी सांगायचं नाव दुसरं होतं. धनेशनं मोबाइलवर आपल्या चार चेकशीट उघडल्या, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “ह्या पण खोट्या आहेत.” बाईंनी त्याला शाबासकी दिली नाही. इतक्या उशिराच्या खरेपणाला त्या वर्गातही मार्क देत नसत.

प्रीतमनं आधी पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायला, मग बबनरावांच्या पाया पडायला वाकला. बबनरावांनी त्याला मध्येच धरलं.

“तेरा सत्ते एक्क्यान्नव,” म्हातारा म्हणाला. “त्या दिशी बोलला नसतास तर आज अडकला असतास रं.”

६

पोलिसांची गाडी गेल्यावर बबनराव टूलरूममध्ये गेले. प्रीतमनं जाळी शोधून आणली होती. रणजीतच्या केबिनच्या मागं, जुन्या खोक्यांच्या आड होती. चार बोल्ट आवळून त्यानं ती डायवर बसवली, कुंकवाच्या बिल्ल्यावरच्या संख्येला सत्त्याण्णवनं गुणलं आणि नवा बिल्ला ठोकला. जाळी काढणाऱ्याचा आकडा त्यात कुठेच नव्हता. साहेब लोकांना आकडे दिलेलेच नव्हते.

“मॅडम,” तो म्हणाला, “या डायवर सगळ्यात जास्त हात नवनाथचा लागला. त्याचा आकडा का नाही?”

“आपरेटरला आकडा नसतो. त्यो कंत्राटी,” बबनराव म्हणाले. पण मग त्यांनी स्वतःच खडू उचलला आणि भिंतीकडे वळले. “सत्त्यान्नवच्या फुडं कंचा? या टायमाला तुमीच सांगा बाई, माजा भरवसा न्हाई.”

“एकशे एक,” विजयश्रीबाई म्हणाल्या.

“शकुनाचा हाय,” म्हातारा म्हणाला आणि प्रीतमच्या खाली वळणदार अक्षरात लिहिलं, नवनाथ १०१.

प्रीतमला बरं वाटलं. छबूबाईनं लांबूनच हात जोडले. बाईंनी यादी पुन्हा एकदा वरून खालपर्यंत, नवनाथच्या नावापर्यंत वाचली, मग टेबलावर मांडलेले, पितळेवर आकडे उठवायचे पंच पाहिले आणि शेजारची हातोडी. बिल्ला ठोकायचा तर एका हातानं पंच धरावा लागतो आणि दुसऱ्या हातानं हातोडी. त्यांनी हातोडी उचलून बघितली. चांगली जड होती, उजव्या हातानंच मारायची.